खडकाला कान लावून

विहिरीत सुरुंग उडाला की धूर ओसरल्यावर माणूस दोर धरून खाली उतरतो आणि खडक कुठवर फुटला ते डोळ्यांनी पाहतो. पण तोच खडक दोन किलोमीटरांहून खोल असेल तर? तेथे कानच लावावा लागतो.

शेल नावाच्या घट्ट खडकात अडकलेला नैसर्गिक वायू मोकळा करण्यासाठी वाळू मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने आत सोडतात. खडकाला तडे जातात आणि वाळूचे कण त्या फटी मिटू देत नाहीत. तडा जाताना बारीकसा हादरा निघतो. वर येईतो तो क्षीण होतो, शिवाय वर रहदारीचा गोंगाट. म्हणून तो टिपणारे जिओफोन शेजारच्याच विंधन विहिरीत खोल सोडतात. प्रत्येक हादऱ्याचे दोन तरंग निघतात, एक वेगवान, दुसरा मंद. दोन्ही पोहोचण्यात किती वेळ गेला त्यावरून तड्याचे अंतर कळते. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आकडे मोजण्याचा आपला लहानपणचा खेळ, तोच हा! अनेक जिओफोनच्या नोंदी जुळवल्या की नेमकी जागाही सापडते.

इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळ प्रेस्टन न्यू रोड येथे ऑक्टोबर २०१८ मध्ये असे काम सुरू झाले. पहिल्याच विहिरीच्या वेळी ३८,००० हून अधिक सूक्ष्म हादरे नोंदले गेले. त्याच भागात २०११ साली अशाच कामामुळे २.३ तीव्रतेचा धक्का बसला होता. तेव्हापासून चौकातल्या दिव्यांसारखा नियम होता: पाणी सोडताना ०.५ किंवा अधिक तीव्रतेचा हादरा आला की लाल दिवा, काम किमान १८ तास बंद. एवढा हादरा माणसाला जाणवतही नाही. नियम फार जाचक आहे, असे कंपनी म्हणे. वाचताना मलाही आधी तसेच वाटले.

पण २३ ऑगस्ट २०१९ रोजी दुसऱ्या विहिरीत पाणी सोडणे थांबले आणि २६ तारखेला सकाळी २.९ तीव्रतेचा धक्का बसला. ०.५ च्या मानाने हे हेलकावे सुमारे २५० पट मोठे. गाडी उभी होती, तरी टक्कर झाली!

पंप थांबला म्हणून आतला दाब लगेच ओसरत नाही. तो जुन्या भ्रंशापर्यंत झिरपत जातो आणि एकमेकींना आवळून बसलेल्या त्याच्या दोन बाजूंची पकड सैल करतो. (१९६७ च्या कोयना भूकंपाची मीमांसा करतानाही संशोधक जलाशयामुळे वाढलेल्या अशाच दाबाकडे बोट दाखवतात.) ब्लॅकपूलचा तो भ्रंश आधीच्या पाहणीत दिसला नव्हता. हादऱ्यांचे ठिपके नकाशावर मांडले तेव्हा त्यांच्या रांगेतून तो उमटला.

धक्का किती मोठा बसेल हे आधी सांगता येत नाही, या कारणास्तव ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडातील हे काम थांबवले. २०२२ साली काही आठवडे मनाई उठली आणि ऑक्टोबरात पुन्हा लागू झाली.