ग्राफिक डिझाइन : पदवी हाती येण्याआधीची तयारी

गोंदियाच्या बाजारपेठेतून एक फेरफटका मारला, तर ग्राफिक डिझाइन या व्यवसायाचे स्थानिक रूप सहज नजरेस पडते. तांदळाच्या कट्ट्यांवरील छापील चिन्हे, चौकाचौकांतील फ्लेक्स, बिडीच्या बंडलांवरील लेबले, लग्नपत्रिका, दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईची पत्रके, झाडीपट्टीच्या नाटकांची भडक रंगांतील भित्तिपत्रके हे सारे कोणीतरी संगणकावर बसून तयार केलेले असते. मात्र हे काम करणाऱ्यास गावात 'डीटीपीवाला' म्हणतात, डिझायनर म्हणत नाहीत. हा केवळ शब्दांचा फरक नाही. त्याचा परिणाम मिळणाऱ्या मोबदल्यावर होतो आणि मुलाला किंवा मुलीला या शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला पाठवावे की नाही, या घरातील निर्णयावरही होतो.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा शेती आणि भातगिरण्यांवर उभा आहे. चार वर्षांचा वसतिगृहाचा खर्च, संगणक, सॉफ्टवेअर, छपाई यांवर पैसा ओतल्यानंतर मुलगा परत येऊन फ्लेक्सच्या दुकानात बसणार असेल, तर हा खर्च कशासाठी, असा प्रश्न पालक विचारतात आणि तो गैर नाही. त्याचे उत्तर बहुतांशी पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थी काय करतो यावर अवलंबून असते.

प्रवेशाचे मार्ग थोडक्यात पाहू. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, शाळेतच देऊन टाकाव्यात. बारावीनंतर उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आहे आणि विदर्भातील विद्यार्थ्यांना नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय सर्वांत जवळचे. मुंबईच्या जे.जे. संस्थेला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असल्याने तिची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्रपणे तपासून पाहावी. आयआयटी मुंबईच्या अभिकल्प विभागात, म्हणजे आयडीसीमध्ये, पदवीसाठी 'यूसीड' ही परीक्षा द्यावी लागते. ती विज्ञान शाखेपुरतीच आहे हा समज चुकीचा असून कला व वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही तिला बसू शकतात. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेची एक शाखा 2019 पासून भोपाळला आहे. इतके पुरे, प्रवेशाविषयी माहिती देणारे पुष्कळ आहेत. प्रवेशानंतर काय करावे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

नोकरी देणारा माणूस गुणपत्रिकेआधी कामांचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ, पाहतो. आपल्याकडील विद्यार्थ्यांचे संग्रह बहुधा एकसारखे असतात. एका काल्पनिक कॉफीगृहाचे बोधचिन्ह, एका काल्पनिक परफ्यूमची जाहिरात, एका इंग्रजी चित्रपटाचे पोस्टर. मुंबई-पुण्यातील कलासंचालकाने अशी कॉफीगृहे शेकड्यांनी पाहिलेली असतात. गोंदियाच्या विद्यार्थ्याकडे जे आहे ते मुंबईच्या विद्यार्थ्याकडे नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही. त्याच्या घरापासून कोसभर अंतरावर भातगिरणी आहे. तेथे खरे ग्राहक आहेत, खरी छपाई आहे आणि खऱ्या अडचणी आहेत.

तांदळाचा कट्टा हे उदाहरण जरा विस्ताराने पाहण्यासारखे आहे. प्लास्टिकच्या विणलेल्या पिशवीवरील छपाई बहुधा फ्लेक्सो पद्धतीने होते. प्रत्येक रंगाला स्वतंत्र प्लेट लागते, म्हणून रंग वाढला की खर्च वाढतो. विणीमुळे बारीक रेषा तुटतात, गडद पार्श्वभूमीतील पांढरी बारीक अक्षरे शाईने भरून येतात आणि दोन रंगांची जुळणी केसभर तरी हलतेच. पडद्यावर सुंदर दिसणारी, एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा कट्ट्यावर डागासारखी उमटते. गुळगुळीत लॅमिनेटेड पिशवीवर ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छायाचित्रही छापता येते. पण त्यासाठी सिलिंडर घडवावे लागतात आणि मोठी संख्या असल्याशिवाय ते परवडत नाही. दोन रंगांत, जाड रेषांत, दहा पावलांवरून ओळखू येईल असे चिन्ह काढणे ही चार वर्षांच्या शिक्षणाची खरी कसोटी आहे. ज्याने छापखान्यात उभे राहून आपली प्लेट चढताना पाहिली आहे, त्याला हे शिकवावे लागत नाही.

त्यात पुन्हा कायद्याचा भाग आहे. किरकोळ विक्रीच्या 25 किलोंपर्यंतच्या पिशवीवर उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, पॅकिंगचा महिना व वर्ष, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह यांना जागा द्यावी लागते. वैधमापनाच्या 2011 च्या नियमांत अंकांच्या किमान उंचीचेही निकष आहेत. जुलै 2022 मध्ये 25 किलोंपर्यंतच्या वेष्टनबंद धान्यावर पाच टक्के जीएसटी लागू झाला आणि बाजारात 26 व 30 किलोंच्या पिशव्या दिसू लागल्या. करातील एक बदल, पण त्यामुळे पिशवीचे माप बदलते आणि मांडणीही पुन्हा करावी लागते. असा एक कट्टा, त्याची कच्ची रेखाटने, फसलेली पहिली छपाई, सुधारलेली दुसरी आणि गिरणीमालकाने सुचवलेला बदल, हे सारे क्रमाने मांडले तर संग्रहातील ती चार पाने वीस काल्पनिक जाहिरातींहून अधिक बोलतात. संग्रहात आठ-दहा कामे पुरेत. कमकुवत काम भरीसाठी ठेवू नये, कारण पाहणाऱ्याच्या मनात राहते ते नेमके तेच.

दुसरे भांडवल अक्षरांचे. मराठी घरात वाढलेल्या विद्यार्थ्याला देवनागरी वाचता येते, म्हणून ती मांडताही येते असे त्याला वाटते. प्रत्यक्षात जिल्ह्यातील पुष्कळशी जुनी कामे युनिकोडपूर्व फॉन्टांत पडून आहेत. तो मजकूर संकेतस्थळावर किंवा मोबाइलवर नेला की अक्षरांची खिचडी होते. पेजमेकरच्या काळातील ही सवय मोडणे गरजेचे आहे. युनिकोड मजकूर घेऊन काम करणे, अॅडोबच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडणे, जोडाक्षरे आणि रफार जागेवर पडले की नाही हे डोळ्यांनी तपासणे, या गोष्टी पहिल्याच आठवड्यात कामाला येतात. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. राज्य शासनाने नोव्हेंबर 2009 मध्ये निर्णय काढून ती प्रमाण ठरवली. तरीही हिंदी वळणाच्या अक्षरांत मराठी जाहिराती सर्रास छापल्या जातात आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरील आपल्या जिल्ह्यात तर हे फार घडते. 'तिरो देवनागरी मराठी'सारखे मराठी वळणांचे फॉन्ट आज विनामूल्य मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेली 'मुक्त' आणि 'बालू' ही अक्षरकुळेही खुल्या परवान्याखाली आहेत. चोरीच्या फॉन्टवर पहिले व्यावसायिक काम उभारण्याचे कारण उरलेले नाही.

संगणकावर सर्वत्र आढळणारा 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी आखला. जाहिरातक्षेत्रात नाव कमावलेल्या या सुलेखनकाराने पुढे आयडीसीमध्ये शिकवलेही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षकांना दिलेली वळणे 2020 मध्ये त्यांच्या निधनानंतरही महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत. ही परंपरा अभ्यासक्रमात एखाद्या व्याख्यानात उरकली जाते. विद्यार्थ्याने स्वतःहून रोज अर्धा तास बोरूने किंवा कट निबने अक्षरे गिरवली, तर तयार फॉन्टमधील दोष त्याला आपोआप दिसू लागतात.

गोंदियाचा अक्षरांशी आणखी एक संबंध आहे. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये गोंडी भाषेसाठी लिपी तयार केली. 2017 मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि तेलंगणातील गुंजाळा गोंडी लिपीला त्याच्या पुढच्याच वर्षी. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेच्या सुमारास दूरदूरचा गोंड समाज येतो. या लिप्यांतील फलक, पाठ्यसाहित्य, मोबाइलवर वाचता येतील असे फॉन्ट यांसाठी करण्यासारखे काम पुष्कळ आहे. समाजातील जाणत्या मंडळींना सोबत घेऊन एखाद्या विद्यार्थ्याने पदवीचा अंतिम प्रकल्प यावर केला, तर मुंबईतील परीक्षकालाही तो नवा वाटेल. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे माहितीफलक, धानाच्या बांध्यांत उतरणाऱ्या सारसांविषयी शेतकऱ्यांसाठी पत्रके, असे विषयही हाताशी आहेत.

झाडीपट्टी रंगभूमीचाही विचार व्हावा. दिवाळीपासून होळीपर्यंत चालणाऱ्या या हंगामात पूर्व विदर्भातील चार जिल्ह्यांत रात्रभर नाटके रंगतात आणि गडचिरोलीतील वडसा हे नाट्यमंडळांचे केंद्र आहे. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. येथील भित्तिपत्रकांत सर्व नटांचे चेहरे, नाटकाचे नाव, आयोजक मंडळ, तिकिटाचे दर, तारीख असे सारे एकाच कागदावर कोंबलेले असते. शहरी डोळ्यांना ते ओंगळ वाटते. पण चेहरा पाहून तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला काय हवे, हे त्या पत्रकाला नेमके ठाऊक असते. 'स्वच्छ' डिझाइनच्या नावाखाली ते पांढरे करून टाकणारा विद्यार्थी काही शिकला असे म्हणता येत नाही.

आता यंत्राविषयी. 2022 नंतर शब्दांवरून चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली. त्याआधीच कॅन्व्हासारख्या सोयींनी वाढदिवसाचे फलक आणि साधी पत्रके घरच्या घरी बनू लागली होती. नवख्याला पूर्वी ज्या किरकोळ कामांवर हात साफ करता येई, ती कामे त्यामुळे कमी होत आहेत, हे मान्य केले पाहिजे. मात्र गिरणीमालकाशी बोलून त्याला नेमके काय विकायचे आहे हे काढून घेणे, कायद्याच्या ओळी बसवणे, प्लेट तपासणे, मराठी जोडाक्षर चुकले की पकडणे, ही जबाबदारी यंत्र घेत नाही. चुकलेले दहा हजार कट्टे परत आले तर उत्तर माणसालाच द्यावे लागते. ही साधने वापरण्यास हरकत नाही. मुलाखतीत मात्र कोणता भाग स्वतः केला आणि कोणता साधनाकडून घेतला, हे सरळ सांगावे.

अनुभवासाठी दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत स्थानिक छापखाना आणि तिसऱ्या वर्षी नागपूर किंवा पुण्यातील एखादी जाहिरातसंस्था, असा क्रम बरा. छापखान्यात कागदाची जाडी, शाई आणि कापणीसाठी सोडायचे तीन मिलिमीटर कळतात. संस्थेत वेळेचे बंधन आणि नकार पचवणे कळते. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरून कोल्हापूरला जाते, त्यामुळे मुलाखतीला जाणे अवघड नाही. तेथे राहण्याचा खर्च अवघड आहे. पहिल्या नोकरीच्या पगारातून भाडे आणि खाणावळ भागेल का, याचा हिशेब आधीच करावा आणि घरून काही महिने मदत लागेल हे पालकांनाही मोकळेपणाने सांगावे.

स्पर्धांचे आकर्षण मोठे असते. 2010 मध्ये रुपयाचे चिन्ह आयडीसीचे संशोधक विद्यार्थी डी. उदयकुमार यांचे निवडले गेले, तर 2014 मध्ये स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे. लहान शहरात राहून देशाचे चिन्ह करता येते, हे त्यातून दिसले. तरीही हजारो प्रवेशिकांतून एकाला पारितोषिक मिळते आणि बाकीच्यांचे श्रम फुकट जातात. वर्षाकाठी एक-दोन स्पर्धा सरावासाठी ठीक. 'आधी करून दाखवा, आवडले तर पैसे देऊ' असे म्हणणाऱ्या ग्राहकाला मात्र नम्रपणे नकार द्यायला शिकावे.

स्वतंत्र कामे घेणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून कागद नीट ठेवावेत. काम काय, किती वेळा बदल करून मिळतील, आगाऊ रक्कम किती, हे एका पानावर लिहून ग्राहकाची सही घ्यावी. ओळखीच्या माणसाकडून तर अवश्य घ्यावी. नोकरीत केलेल्या कामाचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. स्वतंत्रपणे केलेल्या कामाचा हक्क दुसऱ्याला देताना 1957 च्या कायद्याप्रमाणे तो लेखीच द्यावा लागतो आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. सेवा व्यवसायात सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. बोधचिन्ह करून देताना त्यासारखे चिन्ह आधी नोंदले आहे का, हे व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येते. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन नोंदणीचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी 4500 रुपये, तर इतरांना 9000 रुपये पडते. गिरणीमालकाला ही सवलत बहुधा ठाऊक नसते; ती डिझायनरने सांगितली, तर पुढील हंगामाचे कट्टेही त्याच्याकडेच येण्याची शक्यता वाढते.