ओम्नीच्या पाट्यांचे बुश घरी बदलताना

आवाज कुठला?

नगर-मनमाड रस्त्याने राहुरी, कोल्हार करत शिर्डी गाठणारी जुनी मारुती ओम्नी मागून खडखडू लागली की पहिला संशय शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर जातो. ते बदलूनही आवाज तसाच राहिला, तर पाट्यांचे बुश पाहावेत. वाहननगरची व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था लष्करी गाड्यांची चाचणी खास ट्रॅकवर घेते. ओम्नीच्या परीक्षेला आपला मनमाड रस्ता पुरतो.

१९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी २०१९मध्ये बंद झाली. मागचा अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे मात्र तिने शेवटपर्यंत सोडले नाहीत. पाट्याचा पुढचा डोळा बॉडीला पक्का असतो, मागचा शॅकलवर झुलतो, कारण खड्ड्यात दबलेला पाटा लांबतो. दोन्हीकडे लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून मध्ये रबराचा बुश. पुढचा गेला तर क्लच सोडताना मागून ठोका बसतो. मागचा गेला तर खडखड वाढते आणि गाडीची शेपटी हलते. डोळ्याशी टॉमी लावून हलवून पाहा. रबर फाटलेले, बाहेर आलेले किंवा पिन सैल दिसली की निदान झाले.

गाडी उचलणे

ओम्नीची ताकद मागच्या चाकांना जाते, हँडब्रेकही त्यांनाच लागतो. म्हणजे मागची चाके हवेत गेली की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निकामी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गाडी कोब्यावर, सपाट जागी हवी. बॉडी मजबूत जागी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा आणि अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक ठेवा, म्हणजे पाट्यावरचा ताण कमीजास्त करता येतो.

जुने काढा, नवे बसवा

गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा. एका वेळी एकच बाजू खोला. नट निघून शॅकल अडकले तर हातोडा चालेल, गॅसची ज्योत अजिबात नको: पेट्रोलची टाकी आणि कित्येक गाड्यांत गॅसकिटची टाकीही जवळच असते. पिनेवर खाच पडली असेल तर पिनही बदला. झिजलेल्या पिनेवर नवा बुश टिकत नाही. शॅकलचे रबर हाताने सरकते. लोखंडी कवचाचा बुश असेल तर हातोड्याच्या नादी न लागता पाटा काढून लेथवाल्याकडे प्रेसवर बसवून घ्या. रबराला ग्रीस लावायची सवय मोडा, त्याने रबर फुगते. साबणाचे पाणी पुरते.

खरी चूक इथे होते

गॅरेजमध्येही अनेकदा गाडी हवेत असतानाच नट पूर्ण आवळतात. तेव्हा पाटा लोंबत असतो. गाडी खाली आली की पाटा फिरतो, पण दोन्हीकडून घट्ट धरलेले रबर पिळलेल्याच अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत चिरते. म्हणून नट आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, मागे-पुढे ढकलून पाटे बसू द्या आणि मगच टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या मापाने आवळा. काही दिवस चालवून नट पुन्हा तपासा, तेही गाडी जमिनीवर असतानाच.

पाना-हातोडा शेजाऱ्याकडून मागून आणता येईल. पण घोड्या नसतील आणि नुसत्या जॅकवर काम उरकायचा विचार असेल, तर गाडी सरळ गॅरेजला न्या.