भयाला चेहरा देताना

नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, तेव्हा रब्बीचे दिवस होते. सुर्डी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी ही गावे एकामागून एक वृत्तपत्रांत आली. पिकाला पाणी द्यावे तर जिवाची भीती, न द्यावे तर पीक हातचे जाण्याची, अशा कात्रीत शेतकरी सापडला. अखेर डिसेंबरात करमाळा तालुक्यात नरभक्षक ठरलेला बिबट्या गोळी घालून मारण्यात आला.

अशाच भयातून माणसाचे श्वापद होण्याच्या कथा जन्म घेतात. युरोपात माणसाचा लांडगा होतो, आपल्याकडे वाघ. मुळी खाऊन वाघ झालेला आणि उतारा देणारी बायकोच भेदरल्यामुळे वाघच राहिलेला पुरुष मध्य भारतातील कथांत आढळतो. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या ग्रंथात अशा कथांची नोंद केली आहे. पौर्णिमेचे बंधन मात्र मुख्यतः विसाव्या शतकातील चित्रपटांनी पक्के केले. १९९२ च्या ‘जुनून’ने तेच हिंदी पडद्यावर आणले.

कथा म्हणून हे सारे मनोरंजक खरे. परंतु ती खरी मानली गेली की तिला बळी लागतो. जर्मनीतील बेडबुर्ग येथे पेटर श्टुम्प नावाच्या शेतकऱ्याकडून, आपण लांडगा होऊन माणसे मारली, अशी कबुली यातनांच्या धाकाने घेण्यात आली आणि १५८९ मध्ये त्याला हालहाल करून ठार मारण्यात आले.

ही चार शतकांपूर्वीची परदेशी गोष्ट म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. तेथे कोणी लांडगा झाला असेल, तर तो जमावच होय.

आष्टीत संकट खरे होते. म्हणूनच पिंजरे लावता आले, बिबट्याचा माग काढता आला. अफवेचा माग असा निघत नाही. ‘हे कोणी पाहिले?’ हा साधा प्रश्न विचारणारा माणूस मात्र तिला अडवू शकतो. शाळेत, कचेरीत, बाजाराच्या गर्दीत तो प्रश्न वेळीच विचारण्याचे धैर्य सुशिक्षितांनी दाखविले, तर लांडग्याची कथा कथाच राहील.