घंटा घाटावर, मनोरा वसईला

मी मूळचा वाईकडचा. मेणवलीच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्याजवळ, एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर कडेवर मूल घेतलेली बाई कोरली आहे. आम्ही पोरं तिला यशोदा समजायचो. पुढं शाळेत गुरुजींनी सांगितलं, की ती मरियम, आणि घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हाच्या घंटा घाटावर ठिकठिकाणी देवळांत लागल्या. भीमाशंकरला १७२९ सालची आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात १७२१ ची. आपल्यापैकी अनेकांनी त्या वाजवल्याही असतील.

नोकरीत माझी बदली वसई तालुक्यात झाली आणि पहिल्याच रविवारी मी किल्ल्यात गेलो. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा उंच उभा आहे. छप्पर कधीच गेलं. आत मान वर करून पाहिलं तर आभाळ. घंटा अर्थातच नाही. आमच्या घाटावरची आठवली आणि उगाचच ओशाळल्यासारखं झालं. लढाईत जिंकलेली वस्तू, तिच्याबद्दल वाईट वाटायचं कारण नाही, असं कुणी म्हणेल. पण वाटलं खरं.

या पडक्या भिंतींशी इथल्या माणसांचं नातं तुटलेलं नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. किल्ल्यात त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं चर्च आहे, तिथं सणाला लोक आजही जमतात. गावोगावच्या चर्चमध्ये ऑक्टोबरात आगेरा होतो. भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात, मग घरोघर वाटतात. आमच्याकडे दसऱ्याला लोंब्या दाराला बांधतात, तसंच.

एका गावी केळीच्या वाडीत पाहणीला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथलं जुनं चर्च पाडून मोठं बांधलं आहे. वाडीचे मालक, ऐंशीच्या पुढचे आजोबा, मोटारीच्या खोलीत शिरताना पायरीच्या दगडाला हात लावून तो कपाळाला लावत होते. मी विचारलं. ते त्यांच्या बोलीत बोलले, मी माझ्या भाषेत लिहितो. "साहेब, हा जुन्या देवळाच्या दाराचा उंबरा. डंपर भरून खाडीत भराव टाकायला चालला होता, मी दोनशे रुपये देऊन उतरवून घेतला. माझं लग्न याच्यावरून आत जाऊन झालं. माझ्या आज्याने चुन्याच्या घाणीला बैल दिले होते."

फादरना भेटलो तर त्यांचीही बाजू खोटी नव्हती. माणसं वाढली, पावसात छप्पर गळतं, जुन्या कामाचे गवंडी मिळत नाहीत. "पंचवीस वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला तिथंच चूक झाली," असं ते स्वतःच म्हणाले.

हे मात्र आमच्या शेतकीतल्या माणसालाही कळण्यासारखं आहे. जुनी भिंत चुन्यात बांधलेली. चुना ओल घेतो आणि उन्हाळ्यात सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, चुना भुसभुशीत होतो, दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून दगडासकट सुटतो. मग लोक म्हणतात, भिंतच कुजकी होती. वसईचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, त्यात हे लवकर होतं.

दुसरा वैरी पिंपळ. पाखरं फळ खातात, विष्ठेतून बी भेगेत पडतं. दोन पानांचा असतो तेव्हा चिमटीत निघतो. त्या वेळी कुणी बघत नाही, कारण पिंपळ तोडायला हात धजत नाही, आणि चर्चच्या भिंतीवर चढणार कोण? मूळ अंगठ्याएवढं झालं की उपटू नये. दगड घेऊनच येतं. खोड छाटायचं, परत फुटलं की परत छाटायचं, आणि मूळ मेल्यावर फट चुन्यानंच भरायची. हिंग भरा असं जुनी माणसं सांगतात. मी करून पाहिलेलं नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी एवढंच, की केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षण असलेल्या वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. वसईच्या किल्ल्याला हा आधार आहे. गावातलं शंभर-दीडशे वर्षांचं साधं चर्च, मारुतीचं देऊळ, चावडी यांना बहुतेक ठिकाणी तो नाही. तिथं ठराव गावच करतं आणि पाडतंही गावच. आमच्या गावच्या देवळाचा दगडी ओटा काढून गुळगुळीत फरशी बसवली, तेव्हा वर्गणी मीही दिली होती. आता पावसात म्हातारी माणसं तिथं घसरतात.

त्याच देवळाच्या शिखरावर एक पिंपळ आहे. गेल्या दिवाळीत बोटाएवढा होता. भावाला निरोप पाठवलाय आणि मृगाआधी चार दिवसांची रजा टाकलीय. शिडी शेजाऱ्यांकडे आहे.