उकिरडा ते खुराडा – लेखांक ५ : फेस धरणारी ढेप

मागच्या आठवड्यात नागपूरच्या संत्र्याच्या साली वाळवून झाल्या, आता जंगलात शिरू. आलापल्लीहून भामरागडची वाट धरली की भामरागडच्या जरा अलीकडे हेमलकसा लागते. बाबा आमट्यांनी १९७३ साली इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात हा मुलूख जगापासून तुटायचा. मका आणि सोयाबीनचे खाद्य आजही बाहेरूनच येते, आणि ब्रॉयलरच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचाच. मग शेड टाकायला निघालेला एखादा पोरगा विचारतोच, “एवढी मोहाची ढेप फुकट पडून असते, ती कोंबड्यांना का नाही चालत?”

मोहाची फुले वेचून झाली की उन्हाळ्याच्या शेवटी फळे गळतात. आतली बी म्हणजे टोळ, कुठे टोरी. तिचे तेल गाळले की मागे उरते ती ढेप. तिच्यात प्रथिने बऱ्यापैकी असतात, त्यामुळे कागदावर हिशेब छान बसतो.

हिशेब बाजूला ठेवून ढेपेचा एक खडा कुटा, बाटलीत पाणी घालून हलवा. रिठ्यासारखा फेस येतो आणि चहा पिऊन झाला तरी बसत नाही. हा फेस सॅपोनिनचा. तळ्यात बीज सोडण्याआधी मरळीसारखे दांडगे मासे काढून टाकायचे, तर मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलो मोहाची ढेप टाकतात. सॅपोनिन कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि तांबड्या पेशी फोडते. दोन-तीन आठवड्यांत विष उतरते आणि तीच ढेप तळ्याचे खत होते.

कोंबडी माशासारखी तडकाफडकी मरत नाही. पण ढेप कडू असते, तिने खाणे आखडते, आणि ब्रॉयलरचा सगळा धंदा खाण्यावर उभा. सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जायचे असलेल्या पाखराने दोन दिवस चोच आवरली, तरी तोटा वजनकाट्यावर दिसतो. ढेप गरम पाण्यात भिजवून निथळली तर कडूपणा कमी होतो हे खरे. ते पाणी ओतायचे कुठे? शेजारच्या नाल्यात ओतलेत तर मासे मरतील!

इथे एक फरक पक्का करू. खाद्य क्विंटलमागे किलोंनी पडते, पूरक मात्र किलोमागे ग्रॅमने. ढेप खाद्य म्हणून नापास होते, पण युक्का नावाच्या परदेशी झाडातले सॅपोनिन चिमटीएवढे खाद्यात घालतात, शेडमधला अमोनियाचा वास कमी व्हावा म्हणून. युरोपने वाढीसाठीची प्रतिजैविके १ जानेवारी २००६ पासून बंद केली, भारताने २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. तेव्हापासून अशा झाडपाल्याच्या चिमटींना भाव आला आहे. तरीही मोहाची ढेप युक्काच्या जागी मोजून टाकावी असे मी सांगणार नाही. मात्रा चुकली तर दंड पाखरू भरते.

त्यापेक्षा आवळ्याचा चोथा बरा. रस काढल्यावर उरलेला चोथा सावलीत कडकडीत वाळवून दळायचा. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, चंद्रपूरकडच्या मे महिन्यात ती चोच उघडी टाकून धापा टाकते. एरवी ती क जीवनसत्त्व स्वतःच्या मूत्रपिंडात बनवते, पण उन्हाच्या ताणात ते पुरत नाही. आवळा तिथे हात देतो. मात्र हातही आखडताच हवा, कारण आवळ्यात टॅनिन आहे आणि ते प्रथिनांना धरून बसते.

धानाचा कोंडा मात्र खरे खाद्य आहे. शंभर किलो धानाला सुमारे वीस किलो तूस, आठेक किलो कोंडा. गावातल्या जुन्या गिरणीत दोन्ही एकत्रच पडतात. मूठभर घेऊन तळहातावर दाबा: निव्वळ कोंड्याची गोळी होते, हाताला तेलकट लागते, तुसाचा असेल तर टोचतो आणि बोटांतून सांडतो. कोंडा चांगला असला तरी पोत्यात ठेवून विसरू नका. दळल्या क्षणापासून त्यातले तेल फुटायला लागते आणि काही दिवसांतच खवट वास सुटतो. कढईत ढवळत चांगला गरम केला तर टिकतो. नाहीतर ताजाच संपवावा.

तुसाचे काय, ते पुढच्या आठवड्यात. ते कोंबडीच्या पोटात घालायचे नाही, पायाखाली अंथरायचे.