युवराजवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी १९७७ मध्ये असं काय छापलं, की एक जीवघेणा कॅन्सर बरा व्हायला लागला?

२०११ चा वर्ल्ड कप आठवतोय? ३६२ रन्स, १५ विकेट्स आणि मॅन ऑफ द टूर्नामेंट युवराज सिंग. त्यानंतर काही महिन्यांतच बातमी आली, युवराजला कॅन्सर झालाय. गाठ होती दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत. तो अमेरिकेत इंडियानापोलिसला गेला, किमोथेरपी घेतली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा भारताकडून खेळायला उतरला.

पण इंडियानापोलिसच का? कारण तिथे होते डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न. आणि त्यांचं नाव झालं होतं ते अंडकोषाच्या कॅन्सरवरच्या उपचारांमुळे.

छातीतली गाठ आणि अंडकोषाचा काय संबंध?

ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू तयार होतात, त्यांना जर्म सेल म्हणतात. बाळ पोटात वाढत असताना यातल्या काही पेशी छातीत राहून जातात, असं मानलं जातं. अशा पेशींचा कॅन्सर झाला तर गाठ छातीत दिसते, पण प्रकार तोच. त्यामुळे औषधंही जवळपास तीच लागतात.

आइनहॉर्न यांनी नेमकं काय केलं?

१९७० च्या आसपास हा कॅन्सर शरीरात पसरला की दहातला जेमतेम एखादा रुग्ण वाचायचा. आणि रुग्ण कोण, तर विशी-तिशीतली पोरं.

त्याच काळात सिसप्लॅटिन नावाच्या औषधाची चर्चा सुरू होती. त्याचा शोधही अपघातानेच लागलेला. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ बॅक्टेरियावर विजेचा परिणाम तपासत होते. बॅक्टेरियांचं विभाजन थांबलं, पण विजेमुळे नाही, तर इलेक्ट्रोडमधल्या प्लॅटिनममुळे.

१९७४ मध्ये आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिनला विनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन या दोन औषधांची जोड दिली. सुरुवातीच्या रुग्णांत २३ वर्षांचा एक विद्यार्थी होता, कॅन्सर फुफ्फुसांपर्यंत पोहोचलेला. उलट्यांनी हाल झाले, पण थोड्याच दिवसांत त्याच्या एक्स-रेमधल्या गाठी दिसेनाशा झाल्या.

१९७७ मध्ये आइनहॉर्न आणि सर्जन जॉन डोनोह्यू यांनी हे निकाल प्रसिद्ध केले. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांमध्ये कॅन्सरचा मागमूस उरला नव्हता. पुढे त्यांच्या टीमने उपचारांचा कालावधी कमी केला आणि १९८७ मध्ये विनब्लास्टिनच्या जागी कमी त्रासदायक इटोपोसाइड आणलं. आज अमेरिकेत या कॅन्सरचे साधारण ९५ टक्के रुग्ण निदानानंतर किमान पाच वर्षं जगतात.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे लाजेत. पोरं गाठ लागली तरी महिनोन् महिने कुणाला सांगत नाहीत. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करतात. पण या कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

लक्ष कशाकडे द्यायचं?

- एका अंडकोषात कडक गाठ, सूज किंवा जडपणा
- जांघेत किंवा ओटीपोटात मंद दुखणं
- लहानपणी अंडकोष खाली उतरला नसेल, तर धोका जास्त असतो

१५ ते ४० या वयात जास्त सावध राहा. आंघोळ करताना अंडकोष हाताने चाचपून बघायला दोन मिनिटं पुरतात. एक थोडा मोठा किंवा खाली असणं नॉर्मल आहे. मागच्या बाजूला लागणारी मऊ नळीही नॉर्मलच. प्रत्येक सूज कॅन्सर नसते, ते हायड्रोसिल किंवा इन्फेक्शनही असू शकतं. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. युरोलॉजिस्ट किंवा सर्जनकडे जा. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासणीतून बरंच काही कळतं.

आणि एक, अंडकोषात अचानक असह्य कळ आली तर सकाळची वाट बघू नका. अंडकोषाला पीळ बसलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं, तर तो वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

एक अंडकोष काढला तर मूल होईल का?

दुसरा निरोगी असेल, तर बहुतेकांचं लैंगिक आयुष्य आणि हार्मोन्स व्यवस्थित राहतात, मुलंही होतात. किमोथेरपीचा शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ती सुरू होण्याआधीच स्पर्म बँकेत नमुना ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

औषध जवळपास पन्नास वर्षांपासून आहे. फक्त डॉक्टरांपर्यंत वेळेत पोहोचायला हवं. ग्रुपवर दिवसभर मीम्स पाठवताच ना, आज हे पण पाठवा.