नागपुरातील सिंधी निर्वासित कुटुंबे आणि नागरिकत्वाची कालमर्यादा

फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या अनेक कुटुंबांनी नागपुरातील जरीपटका परिसरात वस्ती केली. त्यानंतरही पाकिस्तानातून हिंदू नातेवाईक येत राहिले. परकीय नागरिक म्हणून राहताना त्यांना दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा आधार असतो. मात्र हा व्हिसा व्यक्तीस मिळतो, कुटुंबास नव्हे. मागाहून येणाऱ्याचे प्रकरण स्वतंत्रपणे तपासले जाते.

२०१६ मध्ये केंद्र शासनाने नागरिकत्व देण्याचे अधिकार नागपूरसह निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने वास्तव्याची ११ वर्षांची अट ५ वर्षांवर आणली. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये अधिसूचित झाले. तथापि ही सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांपुरतीच आहे. परिणामी २०१३ मध्ये आलेला थोरला भाऊ सवलतीस पात्र ठरतो, तर २०१६ मध्ये आलेल्या धाकट्यास जुनीच अट लागू होते.

पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे अबाधित राहिले. म्हणजे येथे पोहोचलेल्यांना संरक्षण मिळाले, परंतु तिकडे राहिलेल्या आईवडिलांना आणण्याची वाट अधिक बिकट झाली. सारांश, कायदा व्यक्तीच्या आगमनाची तारीख पाहतो. कुटुंब मात्र टप्प्याटप्प्यानेच स्थलांतर करते. प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे.